कर्ज फिटले, मग हा तगादा कशाचा?

मार्च महिना आला की वसुलीवाल्यांचे बोलणे एकदम मऊ होते. वर्षभर दम देणारा माणूस आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी, देवळी, समुद्रपूरच्या घरांत येऊन सांगतो, "काका, मार्च एंडिंग आहे. वरून सूट मिळाली आहे. एकरकमी एवढे भरा आणि मोकळे व्हा." घरात कापूस विकून आलेले थोडे पैसे असतात, थोडे भावाकडून आणलेले असतात, उरलेल्यासाठी घरातला एखादा दागिना सराफाकडे जातो. रक्कम भरली जाते. कित्येक महिन्यांनी त्या घरातली माणसे निर्धास्त झोपतात. मग जून लागतो आणि पेरणीच्या तोंडावर फोन वाजतो : "तुमच्या खात्यावर अजून बाकी दिसते."

वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांनी हा फोन स्वतः घेतला आहे किंवा घरातल्या कुणाला घेताना पाहिले आहे. थकबाकीदाराच्या छळाविषयी अधूनमधून बोलले तरी जाते. पण ज्याने तडजोड केली आणि ठरलेली पै न् पै भरली, त्याच्या दारातल्या तगाद्याकडे आपण त्याचे आणि बँकेचे खासगी भांडण म्हणून पाहत आलो आहोत. हा प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे. तो का, ते मुद्द्यांनी मांडतो.

१. तडजोडीची रक्कम भरली त्या क्षणी कर्ज कायद्याने संपते, ही पहिली गोष्ट ठामपणे समजून घेऊ या. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम ६३ खाली एक साधे उदाहरण दिले आहे. एकाचे दुसऱ्याला ५,००० रुपये देणे आहे. घेणेकऱ्याने संपूर्ण देण्यापोटी २,००० रुपये स्वीकारले, तर सगळे कर्ज फिटले. उरलेल्या ३,००० वर त्याचा काही हक्क राहत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या या कायद्यात जे आहे तेच रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३ च्या परिपत्रकातही आहे : तडजोड म्हणजे कर्ज देणाऱ्या संस्थेचा सगळा दावा रोखीने पूर्णपणे मिटवण्याचा करार. अशी तडजोड कुणी मंजूर करायची, किती सूट द्यायची, याचे धोरण संस्थेच्या संचालक मंडळाने ठरवायचे असते. म्हणजे सूट ही कुणा साहेबाची मेहेरबानी नसते. बुडीत खात्यातून आज हाती येईल तेवढे घ्यावे, असा हिशेब करून संस्थेनेच ती दिलेली असते. आपला शब्द पाळलेल्या माणसाकडे पुन्हा पैसे मागणे ही वसुली होऊच शकत नाही. आणि ती मागणी धमकी देऊन केली, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ मधल्या खंडणीचा प्रश्न आहे, असे म्हणायला आपण कचरू नये.

२. मग फिटलेले कर्ज पुन्हा जिवंत होते कसे? पैसे घेतले शाखेने किंवा एजन्सीच्या माणसाने. खात्यातली नोंद व्हायची ती नागपूरला, पुण्याला नाही तर मुंबईला. सूट मंजूर झाल्याचा निरोप एका अधिकाऱ्याच्या ईमेलमध्ये, आणि त्या अधिकाऱ्याची उन्हाळ्यात बदली झालेली. भरलेली रक्कम खात्यावर नुसता एक भरणा म्हणून पडते आणि माफ केलेली रक्कम 'बाकी' म्हणून तशीच लोंबकळत राहते. पुढच्या तिमाहीत थकीत खात्यांची यादी नव्या एजन्सीला दिली जाते. काही वेळा अशी हजारो खाती एकगठ्ठा मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकली जातात आणि त्या गठ्ठ्यात हे खातेही जाते. नव्या मालकाच्या लेखी तुम्ही कधी तडजोड केलीच नाही. दारात येणारा पोरगा बहुधा आपल्याच हिंगणघाटचा किंवा पुलगावचा असतो. त्याच्या मोबाइलवर नाव, पत्ता आणि एक आकडा एवढेच असते. तडजोडीचे पत्र त्याला कुणी दाखवलेले नसते आणि त्याची कमाई वसुलीच्या टक्केवारीवर असते. तुम्ही पावती पुढे केली की तो म्हणतो, "ते मला माहीत नाही, सिस्टमवर दिसते." या एका वाक्यावर माणसाची महिनोन् महिने झोप उडते. हिशेब संस्थेचा चुकला असेल तर तो दुरुस्त करण्याचे काम संस्थेचे आहे. कर्जदाराने पावत्यांची पिशवी घेऊन दरवेळी स्वतःचा खरेपणा सिद्ध करत फिरावे, हे कोणत्या न्यायात बसते?

३. तडजोडीचा कागद नीट हातात घेऊन वाचा. आपल्याकडे दिले जाणारे हे पत्र पुष्कळदा इंग्रजीत असते. वर कर्जखात्याचा क्रमांक, मग एकूण थकबाकी, मग मान्य केलेली रक्कम, मग तारीख. आणि खाली बारीक अक्षरांत एक अट : ठरलेल्या तारखेला पूर्ण रक्कम न मिळाल्यास ही सवलत रद्द समजली जाईल आणि भरलेली रक्कम मूळ थकबाकीत वळती केली जाईल. तीन हप्त्यांत तडजोड ठरली, तिसरा हप्ता बँकेला सुटी आल्यामुळे दोन दिवस उशिरा जमा झाला, की याच ओळीच्या आधारे सगळी तडजोड मोडीत काढली जाते. ती ओळ घरात कुणाला वाचता आली होती का? सही घेताना कुणी समजावून सांगितली होती का? काही ठिकाणी तर पत्रही नसते. व्हॉट्सअॅपवरचा एक निरोप आणि एजन्सीच्या माणसाच्या खात्यावर 'फोनवरून' पाठवलेली रक्कम, एवढाच व्यवहार. अशा माणसाला नंतर सांगितले जाते की तो मुलगा आमच्याकडे कामालाच नव्हता. म्हणून प्रत्येकाने मनाशी पक्के करावे : संस्थेच्या पत्राशिवाय तडजोड नाही आणि संस्थेच्या स्वतःच्या कर्जखात्याशिवाय कुठेही भरणा नाही. पण हे शहाणपण शिकवण्याची सगळी जबाबदारी गरजू माणसावरच का? ग्राहकाला समजेल अशा मराठीत, एका पानावर, अटी ठळक छापून पत्र देणे संस्थेला अशक्य आहे काय? कर्जाची जाहिरात मराठीत करता येते, तर कर्ज संपल्याचा कागदही मराठीतच द्यायला हवा.

४. कर्ज देताना घेतलेले कोरे चेक परत मिळेपर्यंत कोणत्याही कर्जदाराने स्वतःला मोकळा समजू नये. सहीचे कोरे चेक आणि खात्यातून आपोआप हप्ता कापण्याचा आदेश, या दोन गोष्टी तडजोडीनंतरही संस्थेकडे राहतात. वर्षभराने कुणीतरी त्यातला एक चेक भरतो, रक्कम टाकतो, बँकेत लावतो. चेक न वटल्याचा खटला परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली होतो. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर हा खटला चेक ज्या शाखेतल्या खात्यात जमा केला, तिथल्या न्यायालयात चालतो. म्हणजे कारंजा घाडगेच्या माणसाला समन्स दुसऱ्या राज्यातल्या न्यायालयाचे येऊ शकते. तिथे जायचे भाडे, वकिलाची फी, बुडालेली मजुरी. देणे नसलेल्या पैशांपेक्षा हा खर्च जास्त होतो, आणि माणूस निमूटपणे पुन्हा पैसे भरून सुटका करून घेतो. वसुलीची ही सगळी इमारत त्याच्या या नाइलाजावर उभी आहे.

५. शेतकऱ्याचे दुखणे आणखी वेगळे आहे, ते म्हणजे सातबारावरचा बोजा. कर्ज फिटले तरी 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचे किंवा सोसायटीचे नाव तसेच राहते. बोजा कमी करायला बँकेचे पत्र लागते. पत्रासाठी शाखेत जावे तर साहेब दौऱ्यावर. पत्र मिळाले तर फेरफार प्रलंबित. आता ई-हक्क प्रणालीतून बँकेला बोजा कमी करण्याचा अर्ज स्वतः ऑनलाइन करता येतो. तरी हेलपाटे शेतकऱ्याच्याच वाट्याला येतात. पुढच्या हंगामाचे पीककर्ज अडते, भावांच्या वाटण्या अडतात, मुलीच्या शिक्षणासाठी काढायचे कर्ज अडते. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ ला एक चांगला नियम केला. कर्ज पूर्ण फिटले किंवा तडजोडीने मिटले की ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करायची आणि नोंदवलेला बोजा काढायचा. संस्थेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला द्यायचे. १ डिसेंबर २०२३ पासून तो लागू आहे. पण हा नियम वैयक्तिक कर्जांसाठी आहे. घर, शिक्षण यांसाठी कर्ज घेणाऱ्याला दिवसाला ५,००० ची हमी, आणि सेलूच्या किंवा आष्टीच्या शेतकऱ्याचा सातबारा वर्षभर अडकला तरी त्याला कसलीच हमी नाही? ज्या देशात गरीब माणूस शेती तारण ठेवून कर्ज घेतो, तिथे ही सवलत शेतकऱ्याला सगळ्यात आधी मिळायला हवी होती.

पत नोंदीचेही तसेच. तडजोड केलेल्या खात्यासमोर सिबिलसारख्या कंपन्यांच्या अहवालात 'सेटल्ड' असा शेरा राहतो. तो मान्य. संस्थेचे नुकसान झाले, हे पुढे कर्ज देणाऱ्याला कळायला हवे. पण बाकीचा आकडा शून्यच असला पाहिजे. तो चुकीचा असेल तर तक्रार करा. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर त्यानंतरच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. वर्षातून एकदा प्रत्येक पतमाहिती कंपनीने पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. तो मागितल्यावाचून ही चूक दिसतच नाही.

६. नियम नाहीत, अशी सबब कुणी सांगू नये. रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही. सूक्ष्म वित्त कर्जांसाठी हीच वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ आहे. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, घरच्यांच्या, जामीनदारांच्या, मित्रांच्या खासगी आयुष्यात घुसणे, खोटी माहिती देऊन घाबरवणे, हे सगळे मना आहे. २००८ च्या परिपत्रकाने तर आणखी महत्त्वाची गोष्ट सांगितली होती. कर्जदाराची तक्रार प्रलंबित असताना ते प्रकरण वसुली एजन्सीकडे देऊच नये. एजन्टाकडे ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र हवे, त्याने १०० तासांचे प्रशिक्षण घेतलेले हवे, आणि त्याच्या वागण्याला बँकच जबाबदार राहील. त्याच्याही आधी, २००७ मध्ये, आयसीआयसीआय बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की कर्जाची वसुली कायदेशीर मार्गानेच झाली पाहिजे, गुंडांकरवी नाही. आता विचारा, आपल्या गावात येणाऱ्या किती जणांच्या गळ्यात ओळखपत्र असते? अधिकारपत्र दाखवा म्हटल्यावर किती जण दाखवतात? देणे असलेल्या माणसाशीसुद्धा असे वागता येत नसेल, तर ज्याचे देणेच उरले नाही त्याच्या दारात उभे राहण्याचा अधिकार यांना दिला कुणी?

७. या तगाद्याचा सगळ्यात मोठा मार बायकांना बसतो. बचत गटाच्या किंवा सूक्ष्म वित्त कंपनीच्या कर्जात आठ-दहा जणी एकमेकींना बांधलेल्या असतात. एकीने आजारपणामुळे हप्ते चुकवले, पुढे तडजोड करून कर्ज मिटवले, तरी वसुलीला येणारा माणूस आठवड्याच्या बैठकीत सगळ्यांदेखत तिचे नाव घेतो. "तुमच्या बाईमुळे तुमचे पुढचे कर्ज अडले," असे शेजारणींना सांगतो. मग वसुलीवाल्याला काही करावेच लागत नाही. नळावर, दळणाच्या रांगेत, शाळेच्या फाटकाशी शेजारणीच तिला बोल लावतात. २०२२ च्या सूक्ष्म वित्त निर्देशांप्रमाणे वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागीच व्हायची असते. कर्जदार लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा तिथे आला नाही, तरच घरी किंवा कामाच्या जागी जाता येते. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत, असेही त्यात आहे. तरी एकाच घरात चार कंपन्यांची कर्जे दिसतात. कर्ज देताना घरचे उत्पन्न न पाहणाऱ्या कंपनीने वसूल करताना मात्र घरची अब्रू काढावी, हा उद्धटपणा आपण सहन करतो म्हणून चालतो.

८. आपल्या आजोबा-पणजोबांनाही हाच प्रश्न भेडसावत होता. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले, तेव्हा त्यांचा राग प्रामुख्याने कर्जखतांवर होता. खते ताब्यात घेऊन जाळली, कारण दिलेल्या पैशांची पावती नव्हती आणि खत मात्र सावकाराच्या पेटीत जिवंत होते. त्या उठावानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यात भरलेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि नोंदवही मिळण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला गेला. तो कायदा पुणे, सातारा, नगर, सोलापूरकडे होता. वर्धा तेव्हा मध्य प्रांतात. आपल्याकडे १९३३ मध्ये कर्ज तडजोड कायदा आला, सरकारी मंडळापुढे सावकार-शेतकऱ्यांच्या तडजोडी होऊ लागल्या, आणि पाठोपाठ १९३४ च्या कायद्याने सावकाराला हिशेब ठेवण्याचे आणि तो कर्जदाराला देण्याचे बंधन घातले. परक्या सरकारला जे पटले होते, ते आज संगणक आणि मोबाइल हाती असलेल्या संस्थांना पाळता येत नाही? बाकी किती, हे एका क्षणात सांगणारी यंत्रणा 'बाकी नाही' हे सांगायला सहा महिने लावते, तेव्हा तो दोष यंत्रणेचा नसतो, ती चालवणाऱ्यांच्या नियतीचा असतो.

९. तक्रार करायची कुठे, हाच सामान्य माणसापुढचा मोठा चकवा आहे. व्यापारी बँक किंवा मोठी फायनान्स कंपनी असेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार, आणि ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पतसंस्था असेल तर तालुक्याचे सहायक निबंधक आणि वर्ध्याचे जिल्हा उपनिबंधक. पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेतला असेल, तर तडजोडीनंतर तो पूर्ण फिटल्याची लेखी नोंद करून घ्यावीच लागते, नाही तर तोच दाखला घेऊन वसुली अधिकारी पुन्हा दारात येतो. खासगी सावकार असेल तर २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा. त्यात कर्जदाराला छळणे हाच गुन्हा आहे. लोक मात्र सगळ्यासाठी एकाच दारात जातात, पोलीस ठाण्यात. तिथे उत्तर ठरलेले : "ही दिवाणी बाब आहे." दिवाणी? घरात घुसणे, बाईला अर्वाच्य बोलणे, जिवाची धमकी देणे दिवाणी कधीपासून झाले? न्याय संहितेत कलम ३५१ धाकदपटशासाठी, ३५२ अपमानासाठी, ७९ स्त्रीच्या अप्रतिष्ठेसाठी आहे. ठाण्याने तक्रार घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे ती लेखी पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते.

कायद्यातही एक भगदाड आहे. १० मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालच्या बँकेतर वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. त्यामुळे उपनिबंधक म्हणतात आमच्या कक्षेत नाही, आणि रिझर्व्ह बँकेचे सर्वात जवळचे कार्यालय नागपूरला. कर्नाटकाने २०२५ मध्ये छोट्या कर्जांच्या जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध १० वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करणारा कायदा केला. तमिळनाडूनेही त्याच वर्षी कायदा आणला. दोन्ही कायद्यांच्या मर्यादा असतील, त्यांवर वाद होईल, व्हावा. पण शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या ज्या राज्याने पंचवीस वर्षे वाचल्या, त्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाला या विषयावर वेगळा कायदा करावासा का वाटू नये?

१०. आता जे लिहायचे आहे ते लिहिताना हात जड होतो. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपये मदत देण्याचा शासन निर्णय डिसेंबर २००५ चा आहे. मदतीला पात्र ठरण्याच्या निकषांत नापिकी आणि कर्जबाजारीपणा यांच्यासोबत एक निकष आहे परतफेडीच्या तगाद्याचा. माणूस गेल्यावर तहसीलदार, पोलीस, कृषी अधिकारी घरी येतात, पंचनामा होतो, तगादा होता का याची चौकशी होते, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे ते प्रकरण पात्र की अपात्र हे ठरते. वर्धा हा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या सहा जिल्ह्यांपैकी एक. ही चौकशी आपल्या गावांना तोंडपाठ आहे. म्हणजे तगाद्याने माणूस मरू शकतो, हे शासनाने कागदावर मान्य केले आहे. मग तो जिवंत असताना, हातात बाकी नसल्याचा, म्हणजे नो ड्यूजचा, कागद घेऊन त्याच कचेरीत आला, तर त्या तगाद्याची नोंद कोणत्या वहीत होते? अशी वहीच नाही. विधवेला विचारला जाणारा प्रश्न नवऱ्याला वेळेवर विचारला असता, तर काही घरे वाचली असती, असे माझे ठाम मत आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी या ओझ्याखाली असेल तर त्याने १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर बोलावे. आणि त्याच्या घरच्यांनी, शेजाऱ्यांनी त्याला कचेरीत एकटे पाठवू नये.

११. बँकांची बाजूही खरी आहे आणि ती मांडलीच पाहिजे. कर्ज वसूल झाले नाही तर ठेवीदार मरतो. हे वर्धेकरांना कुणी शिकवायला नको. आपली जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक गेल्या दशकात अडचणीत आली, तेव्हा शिक्षक, पेन्शनर, शेतकरी स्वतःच्याच पैशांसाठी खिडकीवर ताटकळले. ऐपत असून कर्ज बुडवणाऱ्याची गय होऊ नये, या मताचा मी आहे. पण तडजोड केलेल्या माणसाच्या मागे लागण्याने कोणता ठेवीदार वाचतो? उलट, भरूनही सुटका नाही हे गावात एकदा कळले की पुढचा थकबाकीदार तडजोडीला येतच नाही. लोकअदालतीत बँकांची टेबले लागतात आणि समोर माणसे नसतात, त्याचे एक कारण हा अविश्वास आहे. तडजोडीचा शब्द न पाळणारी संस्था स्वतःचीच वसुली बुडवते.

१२. मागण्या अवघड नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली भरणाऱ्या जिल्हास्तरीय बँकर्स समितीत पीककर्जाच्या उद्दिष्टाचा आढावा होतो, तसाच प्रत्येक संस्थेकडून हा आकडा घ्या : किती खाती तडजोडीने मिटवली, किती जणांना मराठीत नो ड्यूज दिले, किती सातबारे मोकळे केले, किती चेक परत केले. अग्रणी बँकेने तो जाहीर करावा. आठही तहसील कचेऱ्यांत महिन्यातून एक दिवस सहायक निबंधक, पोलीस आणि विधी सेवा प्राधिकरणाचा वकील एकत्र बसवा आणि तगाद्याची तक्रार तिथे नोंदवून पोच द्या. पोलीस अधीक्षकांनी प्रत्येक ठाण्याला लेखी आदेश द्यावा की तडजोडीचे पत्र आणि भरण्याचा पुरावा दाखवणाऱ्याची तक्रार दिवाणी म्हणून परत पाठवू नये. जिल्ह्यातल्या आमदारांनी शेतीकर्जाच्या कागदपत्रांना आणि बोज्याला ३० दिवसांची मुदत व दंड लावण्याची मागणी सभागृहात मांडावी. यातल्या पहिल्या तीन गोष्टींना नवा कायदा लागत नाही, फक्त इच्छा लागते.

आणि आपण? तडजोड शक्यतो लोकअदालतीत करा. तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतका पक्का असतो, त्यावर अपील नसते आणि त्याची प्रत हातात मिळते. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. तडजोडीचे पत्र, भरण्याची पावती, नो ड्यूज, परत घेतलेले चेक आणि मोकळा झालेला सातबारा, हे पाच कागद एका पाकिटात ठेवा. त्यांची एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या. फोन आला तर तो रेकॉर्ड करा, माणसाचे नाव आणि एजन्सी विचारा आणि त्याच आठवड्यात लेखी तक्रार करून पोच घ्या. ज्यांचे कर्ज फिटूनही फोन थांबलेले नाहीत, त्यांनी आपल्या कागदांच्या प्रती जोडून जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज करावा. अर्ज आपापल्या तहसील कचेरीत द्यावा, आणि गावातल्या चौघांनी मिळून द्यावा.